सोळाव्या वर्षाचे गाणे

गेल्या दिवाळीनंतर भोरमधले आमच्या मामांचे जुने घर उतरवायला काढले. माळ्यावरच्या अडगळीत एक पत्र्याची पेटी निघाली आणि तीत, वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या कागदांखाली, एकतीस कॅसेट्स. शाळेसाठी मी या घरात पाच वर्षे राहिलो होतो. कॅसेट्सवरचे अक्षर माझेच होते. निळ्या शाईचे, उजवीकडे कललेले, आज मला स्वतःला परके वाटणारे. एका डबीवर ‘गीतरामायण : भाग १’ असे ठळक लिहिलेले, दुसरीवर ‘भावगीते – निवडक’, आणि तळाशी असलेल्या एका कॅसेटवर ‘इंग्रजी व्याकरण’. या शेवटच्या कॅसेटचा इंग्रजीशी वा व्याकरणाशी काही संबंध नव्हता. तिच्यात दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतली गाणी होती, आणि ती मामांच्या नजरेला पडू नयेत म्हणून १९८३ साली, म्हणजे माझ्या सोळाव्या वर्षी, मी हे नामकरण केले होते.

कॅसेट वाजवण्याचे यंत्र घरात उरलेले नव्हते, आणि असते तरी त्या फितींनी दगा दिलाच असता. बुरशी धरली होती त्यांना. पण पुतण्याने डबीवरची नावे वाचून दहा मिनिटांत त्यातली बहुतेक गाणी फोनवर शोधून दिली. चाळीस वर्षांनी ती गाणी मी उघड्या घरात, भिंतीतल्या मातीचा धुरळा उडत असताना, मोठ्या आवाजात ऐकली. अशा वेळी काय होते ते बहुतेक वाचकांनी अनुभवलेले असेल. गाणे आठवत नाही, गाण्याभोवतीचे सगळे आठवते. मला भोरच्या एस.टी. स्टँडावरच्या ओल्या गोणपाटाचा वास आला. नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाणाऱ्या गाडीची पाटी दिसली. आणि एका ठिकाणी, दुसऱ्या कडव्याच्या आधी, गाणे क्षणभर थांबून पुढे जाईल अशी माझ्या कानांची खात्री होती, कारण माझ्या कॅसेटमध्ये तिथे फीत तुटली होती व मी ती चिकटपट्टीने जोडली होती. फोनवरचे गाणे अखंड वाहत पुढे गेले आणि मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

आई बाहेर ओट्यावर बसून हे सारे पाहत होती. तिचे वय आता सत्त्याहत्तर. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, “माजं बी एखादं काढ की त्यातनं. मी सोळाची हुते तवाचं.”

पुतण्याने उत्साहाने विचारले, “कुठलं गाणं, आजी?” तिने हसून हात झटकला. तिचे गाणे ‘कुठले’ नव्हतेच. त्याला नाव नव्हते, गायिका नव्हती, साल नव्हते. १९६४ साली, सोळाव्या वर्षी, लग्न होऊन ती वेल्हे तालुक्यातल्या आमच्या गावी आली, आणि तेव्हा ती जे गात होती ते जात्यावर गात होती. पुतण्याचा फोन त्या प्रश्नापुढे गप्प राहिला. तरुणपणीचे संगीत पुन्हा सापडणे ही गोष्ट आपण सर्वांच्या वाट्याला येणारी, वयपरत्वे आपोआप घडणारी म्हणून बोलतो. ती तशी नाही. कोणाचे संगीत परत यावे आणि कोणाचे नाही, हे ठरण्याला एक इतिहास आहे, आणि भोर-वेल्ह्याच्या दोन पिढ्यांत तो फार स्पष्ट दिसतो.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा पुष्कळ विचार केला आहे. माणसाला उतारवयात आपल्या आयुष्यातले जे प्रसंग सर्वांत अधिक आठवतात, ते साधारण दहा ते तीस या वयातले असतात, हे गेल्या काही दशकांच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे. संगीताच्या बाबतीत हा चढ विशेष जाणवतो. त्याहून लक्षणीय गोष्ट २०१३ साली कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवली. विशीतल्या तरुणांना त्यांनी अनेक दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्या तरुणांच्या मनात स्वतःच्या काळातल्या गाण्यांच्या आठवणी तर होत्याच. परंतु त्यांचे आईबाप तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी निगडित होत्या. घरात आईबापांनी जे वाजवले ते मुलांच्या स्मृतीत जाऊन बसले होते. हा निष्कर्ष वाचला तेव्हा माझ्या मनात आले : वाजवले जाणारे संगीत मुलांत उतरते हे ठीक; पण ज्या आईचे संगीत वाजवता येण्याजोगे नव्हतेच, तिचे काय?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची बाहेरच्या जगाला असलेली ओळख गडांची आहे. तोरणा आणि राजगड वेल्ह्यात, रोहिडा भोरात. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद खोरे, वेळवंड खोरे ही नावे बखरींतून आणि पत्रांतून ऐकू येतात. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. ते संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. म्हणजे या मुलखाचे नावच आता गडाशी जोडले गेले. मुलखाच्या गाण्याची ओळखही तशीच, पोवाड्याची. पोवाड्यांच्या संकलनाचे काम मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी केले आणि ते १८९१ साली ग्रंथरूपाने आले. अफझलखानाच्या वधाचा अगिनदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा आज आपल्यासमोर आहेत ते अशा संग्राहकांमुळे. पुरुषांनी पुरुषांच्या पराक्रमावर रचलेले गाणे सव्वाशे वर्षांपूर्वीच कागदावर आले. त्याच गडांच्या पायथ्याच्या घरांत त्याच काळी पहाटे जे गाणे चालू होते, त्याची नोंद घ्यावी असे वाटायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले.

आईचे माहेर भोर तालुक्यातल्या वेळवंड खोऱ्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, आणि सासर राजगडाच्या पलीकडे गुंजवणीच्या खोऱ्यात. मधे डोंगर. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. सोळा वर्षांच्या सुनेला ते वर्षातून दोनदा ओलांडायला मिळे. घरात अकरा माणसे आणि दोन्ही वेळच्या भाकऱ्या तांदळाच्या नाही तर नाचणीच्या. पीठ रोजचे रोज दळायचे. पहाटे कोंबडा आरवण्याच्या आधी उठून आई आणि तिची थोरली जाऊ जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत, एक पाय लांब सोडून. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. वरची तळी अर्धी फेरी एकीने ओढायची, अर्धी दुसरीने. मोकळ्या हाताने मधल्या तोंडात वैरण घालायची, मूठ मूठ. फार घातली तर पीठ भरड येते, कमी घातली तर दगडावर दगड घासून खर पडते. महिन्या-दोन महिन्यांनी जाते गुळगुळीत झाले की टाकी लावून घ्यायची. हे काम दोन-अडीच तासांचे. दिवसभराच्या कामाआधीचे.

आणि या कामात गाणे. ओवी छोटी असते. एक विचार, एक चित्र, एक नाव, आणि यमक साधून ती मिटते. एकीने म्हणायची, दुसरीने उचलायची, आणि जात्याच्या फेऱ्यांच्या लयीत तिचे तुकडे पुन्हा पुन्हा घोळवायचे. त्यामुळे कागदावर दोन ओळींत संपणारी ओवी जात्यावर दोन-तीन मिनिटे चाले. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, माहेरच्या वाटेच्या, मग लेकराच्या, मग सासरच्या. पंढरीचा विठ्ठल, मांढरदेवची काळूबाई, तोरण्यावरची मेंगाई हे सगळे तिथे घरच्या माणसांसारखे येत. रामायणही येई, पण तिथे राम बाजूला उभा असे आणि मधे असे ती सीता. वनवासाला धाडलेली, गरोदर, कोणी न विचारलेली सून. आपली कथा सीतेच्या नावाने सांगण्याची ही सोय होती. जे सासूला तोंडावर बोलता येत नव्हते ते ओवीत बोलता येई, कारण ओवीतले बोलणे हे बोलणे धरले जात नसे. ओवी कोणी रचली हेही विचारले जात नसे. आई माहेरी ऐकून आली होती त्या शंभर-दीडशे, जावेच्या मिळाल्या त्या वेगळ्या, आणि काही, असे ती आता सांगते, “आपसूक आल्या.” या आपसूक येण्यालाच शहरातले लोक काव्यरचना म्हणतात.

मी हे गाणे ऐकले आहे, पण ते ‘ऐकले’ असे म्हणवत नाही. मी चार-पाच वर्षांचा असेन. अंधारात घोंगडीखाली, आईच्या लांब केलेल्या पायाजवळ डोके. जमीन जात्याबरोबर बारीक थरथरत असे आणि गाणे त्या थरथरीतून येत असे. शब्द एकही आठवत नाही. चाल आठवते असे मला वाटत आले, पण ती माझी मीच पुढे जुळवलेली असेल.

१९७३ च्या सुमाराला आमच्या गावी पिठाची गिरणी आली. प्रथम डिझेलवरची, तिच्या इंजिनाची पुकपुक दोन वाड्यांपलीकडे ऐकू जाई. जाते बंद पडले ते एका दिवसात नाही. प्रथम ज्वारी आणि नाचणी गिरणीत जाऊ लागली. तांदळाचे पीठ आणि सणाचे दळण काही वर्षे घरीच राहिले. मग तेही गेले. गिरणीच्या रांगेत बायका बोलत असत, गात नसत. इंजिनापुढे गाणे शक्यही नव्हते. ओवीला ज्या गोष्टी लागत त्या सगळ्या एकदम गेल्या : पहाटेची वेळ, समोरची बाई, दगडाची लय, आणि घरातले पुरुष झोपलेले असण्याची शांतता. महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत दहा-वीस वर्षांच्या फरकाने हेच घडले. त्या बदलाबद्दल कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही. आई तर नाहीच नाही. तिच्या तळव्यांवरचे घट्टे जायला पुढे दोन वर्षे लागली.

जाते गप्प झाले तेव्हा गावात दुसरा आवाज येऊन थोडी वर्षे झाली होती. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक जमून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढे वर्षभर दर आठवड्याला एक या क्रमाने गीतरामायणाची छप्पन्न गीते याच केंद्रावरून प्रथम प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि कल्पना स्टेशन डायरेक्टर सीताकांत लाड यांची. भोरमधल्या मामांनी ते मूळ प्रसारण शेजारच्या वाड्यात, पायरीवर बसून ऐकले होते. रेडिओ तेव्हा मोजक्या घरांत होता, आणि तो बाळगायला पोस्टात वार्षिक परवान्याचे पैसे भरावे लागत. मामांच्या लेखी ‘संगीत’ या शब्दाचा अर्थ त्या पायरीवर ठरला तो कायमचा. त्यांच्या बहिणीच्या जात्यावरची सीता आणि पुणे केंद्रावरचा राम यांची गाठ त्यांच्या मनात कधी पडली नसावी. ओवीला ते ‘बायकांचं गुणगुणणं’ म्हणत.

माझी पाळी आली तोवर या सुसंस्कृत आवाजाला एक प्रतिस्पर्धी मिळाला होता, आणि गंमत अशी की तो आमच्याच मातीतला होता. दादा कोंडके यांचा जन्म १९३२ सालचा, मुंबईत नायगावच्या चाळीत. पण घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. आमच्या खोऱ्यांतून मुंबईला गिरणीत, गोदीत, बाजारात कामाला गेलेल्या हजारो माणसांच्या घरांसारखेच एक घर. ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनिसांच्या वगनाट्याने त्यांचे नाव झाले. १९७१ चा ‘सोंगाड्या’, पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, १९७५ चा ‘पांडू हवालदार’, हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत वर्षानुवर्षे लागत. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजांतली त्यांतली द्व्यर्थी गाणी सज्जन घरांत निषिद्ध होती. आम्हा मुलांना मात्र त्या गाण्यांत दुसरेही काही ऐकू येई. तो हेल, ते ‘गं’ आणि ‘रं’, ते भाबडेपणाचे सोंग घेऊन शहाण्याची टोपी उडवणे, हे आमच्या घरातले, आमच्या शेतातले होते. रेडिओवरची मराठी सुंदर होती, पण ती आमच्याशी पाहुण्यासारखी बोलत असे. कोंडक्यांच्या गाण्यात प्रथम कोणीतरी आमच्या बोलीत, न लाजता, मोठ्याने गात होते. लाज आम्ही आमची आमच्या पदरची घातली.

हे गाणे खिशात घालून नेता येईल असे साधन आले ते कॅसेटचे. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली युरोपात आणली. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या हाती पडायला १९८० चे दशक उजाडावे लागले. ग्रामोफोनच्या तबकड्या महाग, त्या काढणारी कंपनी मुख्यतः एकच, आणि काय छापायचे ते ठरवणारी माणसे शहरातली. कॅसेटने हे सारे मोडले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवले आहे की, ध्वनिमुद्रणाचा खर्च इतका खाली आला की लहान उत्पादकांना लहान प्रदेशांतल्या, लहान जातीजमातींतल्या गाण्यांचा धंदा प्रथमच परवडू लागला. महाराष्ट्रात त्याचे प्रत्यंतर जागोजाग आले. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते, आनंद शिंद्यांचे पोपटाचे गाणे, गावोगावच्या देवींची गाणी कॅसेटवरच घराघरांत पोचली. पौषातल्या मांढरदेवच्या जत्रेला जाणारी वाट भोरवरून जाते. त्या दिवसांत स्टँडाबाहेर काळूबाईच्या गाण्यांच्या कॅसेट्सचे ढीग लागत आणि कर्ण्यांवर तेच वाजत असे.

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो मुंबईहून चुलत्यांबरोबर, शिमग्याच्या रजेत, टॉवेलात गुंडाळून. भोरच्या बाजारात एका दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की आठ दिवसांनी गाणी भरून मिळत. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये बारा-तेरा गाणी बसत. शेवटचे हमखास अर्धे तुटे. हे चोरीचे काम होते हे तेव्हा आम्हांला ठाऊकही नव्हते. यादी करणे हा आमच्या वयाचा एक मोठा उद्योग होता. माझ्या दोन याद्या असत : एक दाखवायची, एक लपवायची. दाखवायच्या यादीतून आज मला भोरचे शिक्षक, वक्तृत्वस्पर्धा आणि मामांची मान डोलावणारी मूर्ती आठवते. ‘इंग्रजी व्याकरण’मधून आठवतो तो मी. एवढे कबूल करायला अठ्ठावन्नावे वर्ष उजाडावे लागले.

आता हिशेब मांडून पाहावा. गीतरामायण परत मिळते, कारण आकाशवाणीजवळ यंत्रे होती, पुढे तबकड्या निघाल्या आणि ज्यांना ते प्रिय होते त्या वर्गाजवळ ते जपण्याची साधने होती. कोंडके परत मिळतात, कारण चित्रपट हा धंदा होता आणि ज्याला बाजार असतो त्याची प्रत कुठेतरी उरते. काळूबाईची गाणी परत मिळतात, कारण कॅसेट स्वस्त होती. ओवीला श्रोता नव्हता, तिकीट नव्हते, दुकान नव्हते. जी दळत होती तीच गात होती आणि तीच ऐकत होती. असे गाणे उरले तर ते कोणीतरी मुद्दाम पायी चालत जाऊन गोळा केल्यामुळेच उरणार.

तशी माणसे झाली, हे आपले भाग्य. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा ओव्यांचा संग्रह १९४० च्या सुमाराचा, कमलाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ हे मार्मिक नाव दिले, डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या ग्रंथमालेतून फार मोठा साठा उजेडात आणला. पण या ग्रंथांत शब्द उतरले, गळा नाही उतरला. तो उतरवण्याचे काम पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरपट्ट्यात सुरू झाले. गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ मध्ये इथे आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर आणि ते गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त मावळ खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जात. तिथल्या बायकांशी त्यांच्या प्रश्नांवर बोलताना ध्यानी आले की, या बायका स्वतःविषयी जे प्रश्नाला उत्तर म्हणून सांगत नाहीत ते ओवीत सांगतात. त्यातून १९८० च्या दशकात संकलन उभे राहिले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी ते पुढे नेले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बर्नार बेल यांच्यामुळे त्याला संगणकाची आणि चांगल्या ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. हजारांहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज त्या संग्रहात आहेत. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या, आवाजासकट, लोकांसमोर आणायला घेतल्या. लाखाच्या मानाने आवाजात उतरलेल्या ओव्या थोड्याच, काही हजारांच्या घरातल्या. पण त्या आहेत.

पुतण्याच्या फोनवर आईचे गाणे नाही, हे मी वर लिहिले ते म्हणून अर्धवट खरे आहे. त्या रात्री मी मुळशीकडच्या बायकांच्या आवाजातल्या काही ओव्या शोधून आईला ऐकवल्या. पहिली ऐकताना ती गप्प होती. दुसरीला म्हणाली, “ही आमच्या चालीवर न्हाई.” तिसरीला तिने बाईला दुरुस्त केले, तिच्या मते शेवटी भावाचे नाव यायला हवे होते, आणि तिथे तिने स्वतःच्या भावाचे, म्हणजे ज्यांचे घर आम्ही उतरवत होतो त्या मामांचे नाव घातले. तोवर तिचा उजवा हात मांडीवर फिरू लागला होता. डावीकडून उजवीकडे, अर्धी फेरी, आणि मग एक थांबा, समोरचीने ओढण्यापुरता. ती गाऊ लागली. सात ओव्या झाल्या. आवाज पातळ आणि चिरका, पण चाल चोख. आणि मी जुळवलेली चाल, जी इतकी वर्षे मी आईची म्हणून मनात बाळगली होती, तिचा या चालीशी काही संबंध नव्हता. आठव्या ओवीला ती अडली. पुढचे समोरचीने म्हणायचे असते. ती थोरली जाऊ जाऊन अकरा वर्षे झाली.

हे मी फोनवर मुद्रित करत होतो. तिच्या ते ध्यानात आल्यावर तिने विचारले, “हे लोकांम्होरं जाणार?” मी म्हणालो, तू म्हणशील तर. तिने थोडा विचार करून सांगितले की देवाच्या ओव्या राहू देत, भावाचीही राहू दे. सासरच्या दोन पुसून टाक. “त्यात नावं हायेत. ती माणसं गेली. तवा मी जात्याला सांगितलं, मानसांला न्हाई.”

इतिहासाची आवड असलेल्या माणसाला याहून अवघड सांगणे नाही. त्या दोन ओव्यांत १९६४ सालच्या वेल्ह्यातल्या एका घराविषयी जे होते ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. एकीत, तिच्या वयाच्या सोळाव्या वर्षी तिच्याशी काय झाले ते नावानिशी होते. मी थोडा वाद घातला. म्हणालो, अगं, हे जपायला हवे. जात्याबरोबर सगळे गेले. त्यावर ती चिडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, “जातं गेलं ते बरं झालं. तू दळलं असतंस तर तुला कळलं असतं.”

मग लक्षात आले की इतका वेळ मी तिच्या सोळाव्या वर्षाची तुलना माझ्या सोळाव्या वर्षाशी करत होतो, आणि तिथेच चूक होती. माझे संगीत मी निवडले होते. चोरून का होईना, यादी करून, पैसे देऊन. त्याच्याकडे परत जाणे मला सुखाचे वाटते, कारण त्या वयात मला परत जावेसे वाटते. आईला त्या वयात परत जायचे नाही. तिला गाणे हवे होते, पहाट नको होती; आणि तिच्या बाबतीत ती दोन वेगळी काढता येत नव्हती. ज्यांनी दळले नाही त्यांना जात्याच्या घरघरीची ओढ लागते. माझ्या कॅसेटमधला तो तुटका सांधा मला हवासा वाटतो, कारण त्या तुटण्याने माझे काही बिघडले नव्हते.

दोन्ही ओव्या मी तिच्यासमोर पुसल्या. राहिलेल्या पाच आमच्याजवळ आहेत. पुढच्या महिन्यात पुतणीचे लग्न आहे. हळद दळायला जाते लागते, म्हणून मामांच्या घरातले जुने जाते आम्ही वेल्ह्याला आणून ठेवले आहे. खुंटा कुजला होता, तो नवा बसवला. टाकी लावणारा माणूस अजून मिळालेला नाही. आई सांगते, हळदीला खरखरीत दगड लागत नाही, नुसते फिरले तरी पुरे. समोर कोण बसणार, हे मात्र तिने अजून ठरवलेले नाही.